खुंटीवरचं रक्त

४ नोव्हेंबर

चि. शास्त्रीणबाई,

आशीर्वाद. रागाच्या भरात दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा घेऊन टाक.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाने लावते, आणि मग तुझ्या नवऱ्याशी, म्हणजे माझ्याच धाकट्या भावाशी, माझं भांडण होतं. कागदावर लिही. कागदावरचं मला पुन्हा पुन्हा वाचता येतं.

गेल्या महिन्यात तू आमच्याकडे राहायला आलीस. सकाळी मी अजून तोंडसुद्धा पुसलं नव्हतं, तर माझा दंड बांधलास आणि दोन नळ्या भरून रक्त काढलंस. म्हणालीस, "वन्सं, आम्हाला निरोगी बायकांचं रक्त हवंय, पन्नाशीच्या पुढच्या. तुमच्याइतकं धडधाकट मला दुसरं कोण मिळणार?" मी आपली फुशारले. कौतुक केलं की माझा हात लगेच पुढे होतो, हे तुला पक्कं माहीत आहे.

काल तुमच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. तुझं नाही, तुझ्या मोठ्या साहेबांचं. "आपल्या रक्तात अंडाशयाच्या कॅन्सरच्या खुणा ठळकपणे आढळल्या आहेत. आपण सुदैवी आहात, कारण इतक्या लवकर..." सुदैवी म्हणे! पुढचं ह्यांनी वाचलं आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागले. अगं, मी समोर जिवंत उभी, हातात भाजीची सुरी, आणि नवरा रडतोय. मला त्यांची दया यायला हवी होती. मला किळस आली. नाक गळतंय, ते शर्टाच्या बाहीला पुसतायत आणि म्हणतायत, "आता माझं कसं होणार?" माझं, म्हणजे त्यांचं.

संध्याकाळपर्यंत मुलगा नि सून हजर. माझा चहा पिऊन झाल्यावर सुनेने माझा कप उचलला आणि धुऊन वेगळा ठेवला. कॅन्सर कपाने लागत नाही एवढं तिला ठाऊक आहे, शिकलेली आहे. तरी ठेवला. मी पाहिलं, मी पाहिलं हे तिने पाहिलं, आणि मग आम्ही दोघी हवापाण्यावर बोलत बसलो.

तर आता मला सांग, ही पेप्टाइड म्हणजे काय भानगड आहे? साहेबांच्या पत्रात ओळीआड तोच शब्द. मला काहीही होत नाहीये. जिने चढते, खाते, झोपते, भांडते. मग तुमच्या यंत्राला माझ्या पोटातलं असं काय दिसलं, जे खुद्द मला कळत नाही? गोल गोल लिहू नकोस, सरळ लिही.

तुझी वन्सं

९ नोव्हेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचे आशीर्वाद घेतले, राग पण घेतला.

साहेबांनी ते पत्र मला न विचारता धाडलं. मी स्वतः येऊन सांगणार होते. निकाल हातात पडल्यापासून धीर गोळा करत होते, तेवढ्यात त्यांनी सही ठोकून पाकीट रवानासुद्धा केलं. तुम्हाला ते असं कळायला नको होतं.

सरळ लिहिते. रक्तात प्रथिनं असतात. शरीर ती सारखी कातरत असतं, आणि कातरताना जे बारीक बारीक तुकडे पडतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. शिंप्याच्या दुकानात दिवस सरताना फरशीवरच्या चिंध्या पाहिल्या, तर आज काय शिवलंय ते न विचारता कळतं ना, तसंच. पोटात गाठ असली की ती स्वतःच्या पद्धतीने कातरते, तिच्या चिंध्या निराळ्या पडतात. आमचं यंत्र एकेका चिंधीचं वजन करतं आणि त्यावरून सांगतं की ही नळी निरोगी बाईची की आजारी बाईची. माणसाला दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी.

आम्ही दवाखान्यातल्या कॅन्सरच्या बायकांचं रक्त आणि निरोगी बायकांचं रक्त शेजारी शेजारी लावून पाहिलं. जमीन-अस्मानाचा फरक! इतका स्वच्छ फरक मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. तुमची नळी मी निरोग्यांत धरली होती, पण यंत्राने ती आजाऱ्यांत टाकली. मी यंत्र धुतलं, पुन्हा लावली. तुमची दुसरी नळी लावली. पुन्हा तेच. वन्सं, तुम्ही माझ्या कोण लागता हे यंत्राला माहीत नाही, ते भीडभाड ठेवत नाही. आणि ही तपासणी माझ्या हाताखाली तयार झाली आहे. दुसऱ्या कुणाची असती तर मी शंका घेतली असती.

हात जोडते, सोनोग्राफी करून घ्या आणि सर्जन म्हणतील ते ऐका. मी धावत आले असते, पण पुढे मोठी परिषद आहे, साहेब कुणालाही रजा देत नाहीत.

एक सांगू का? तुमचा निकाल आला त्या दिवशी साहेबांनी केक आणवला. "पहिली केस सापडली!" म्हणून स्वतः कापला, सगळ्यांना वाटला. माझ्याही हातावर तुकडा ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तो तुकडा रुमालात गुंडाळून बाथरूमच्या कचऱ्यात टाकला आणि बराच वेळ हात धूत राहिले. तुमच्या पोटातल्या गाठीचा केक, वन्सं. आणि वर गुलाबी क्रीम.

तुमची शास्त्रीण

२० नोव्हेंबर

चि. शास्त्रीणबाई,

आशीर्वाद. या वेळी बिनरागाचे.

तू म्हणालीस म्हणून सगळं केलं. सोनोग्राफीला आधी तांब्या-तांब्याने पाणी प्यायला लावतात आणि मग फुगलेल्या पोटावर गार चिकट काहीतरी फासून वर दाबतात. आधीच्या बाईचे केस त्या यंत्राच्या वायरीला चिकटलेले. मी डोळे मिटून घेतले. तपासणाऱ्या पोरीने पुष्कळ शोधलं आणि म्हणाली, "काही दिसत नाही हो आजी." मी उठायलाच लागले होते. पण सर्जन म्हणतात, दिसत नाही याचा अर्थ नाहीये असा होत नाही. "आणि या वयात त्या अवयवांचं तसं काम तरी काय उरलंय? दोन्ही अंडाशयं काढून टाकू, विषय संपला." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या डोक्यावरच्या त्या चार केसांचं तरी काय काम उरलंय? ते नाही काढलेत!" सून शरमेने लाल झाली. सर्जन हसले, पण नऊ डिसेंबरची तारीख लिहूनच दिली.

तुझे साहेब घरी येऊन गेले. सोबत एक फोटो काढणारा. साहेब सोफ्यावर बसले, चहात बिस्किट बुडवलं, त्याचा अर्धा भाग आत पडला. बोटाने तो काढला, बोट चाटलं, आणि तेच ओलं बोट माझ्या पोटाकडे रोखून म्हणाले, "इथे, बरोब्बर इथे. यांच्यामुळे हजारो बायका वाचणार आहेत!" फोटोवाला म्हणतो, "आजी, हात पोटावर ठेवा, आणि थोडं आशेने बघा." आशेने कसं बघतात, गं? मी बोटाकडे बघत राहिले. ते गेल्यावर मी सोफ्याचं कव्हर काढून धुवायला टाकलं.

धाकटी जाऊ येऊन गेली. गळ्यात पडली, रडली, आणि जाता जाता म्हणाली की शिलाई मशीन आता तुम्हाला झेपणार नाही, तर तिच्या लेकीला उपयोगी पडेल. मी म्हटलं, "मढं उचलू दे आधी." तरी तिने मशीनचं झाकण उघडून आत तेल-बिल आहे का ते पाहिलंच.

बाई, शिसारी आली आहे मला माणसांची. आणि खरं सांगू, तुझीही थोडी आली होती. रागावू नकोस. त्या दिवशी माझं रक्त काढलंस, नळ्या तुझ्या निळ्या बॅगेत टाकल्यास, आणि बॅग सरळ स्वयंपाकघरात खुंटीला टांगलीस. गॅसच्या शेजारी! सकाळची टांगलेली ती संध्याकाळच्या बसला जाईपर्यंत तिथेच. आम्ही सगळे खाली बसून जेवलो, आणि माझं रक्त डोक्यावर लोंबकळतंय. मी तेव्हा बोलले नाही, पाहुणी म्हणून. पण घास उतरत नव्हता. पुन्हा असलं काही करू नकोस, बर्फाच्या डब्यात ठेव, फडताळात ठेव, जेवणाच्या खोलीत नको.

बाकी मी तयार आहे. सर्जनवर माझा विश्वास नाही, साहेबांवर तर नाहीच. तू सांगितलंस, म्हणून तयार आहे.

तुझी वन्सं

२४ नोव्हेंबर

वन्सं,

ऑपरेशन करू नका. आधी एवढं वाचा, मग बाकीचं.

तुमचं पत्र वाचलं आणि खुंटीपाशी मी थांबले. पुढचं वाचवेना. वन्सं, खुंटीवर ती बॅग मीच टांगली होती आणि विसरून गेले होते. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न, काय होतंय, असं वाटलं असावं. खरं म्हणजे काही वाटलंच नव्हतं.

रक्त नळीत आलं म्हणजे गप्प बसत नाही. त्यातल्या कात्र्या चालूच राहतात. जितका वेळ नळी नुसती उभी, तितक्या चिंध्या जास्त, आणि निराळ्या. म्हणून तर नळी ताबडतोब यंत्रात गरगर फिरवून, वरचं पिवळं पाणी वेगळं करून गोठवायचं असतं. आम्ही निरोगी बायकांचं रक्त कुठून घेतलं? आमच्याच इमारतीतून. हिशोबाच्या खोलीतल्या बायका, झाडणारी, मी स्वतः. यंत्राच्या शेजारच्या खुर्चीत बसवून काढलं आणि लगेच गोठवलं. आणि आजारी बायकांचं? ते दवाखान्यात सकाळी काढतात, वॉर्डच्या दाराशी ट्रेमध्ये ठेवतात, आणि शिपाई आपली बाकीची कामं उरकून दुपार कलल्यावर आणून देतो. इतके दिवस तो ट्रे माझ्या हातात येतोय आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

मी माझंच रक्त काढलं. एक नळी लगेच गोठवली. एक स्वयंपाकघरात नेऊन खुंटीला लावली, तुमच्या भावाने विचारलं हे काय, मी म्हटलं जेवा मुकाट्याने. संध्याकाळी ती यंत्रात घातली. पहिली नळी निरोगी. दुसरीला कॅन्सर. एकाच दंडातून काढलेल्या दोन नळ्या! आमचं यंत्र रोग ओळखत नाही वन्सं, रक्त किती शिळं झालंय ते ओळखतं. दूध नासलंय का एवढं सांगणारं यंत्र आम्ही बनवलं आणि त्यावर टाळ्या वाजवल्या.

साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "तुमच्या नात्यातली बाई आहे म्हणून तुम्ही हादरलाय. थोडे दिवस सुट्टी घ्या." इतके दिवस रजा नव्हती, आता आपणहून मिळतेय! मी म्हटलं, ताजं रक्त घेऊन पुन्हा तपासू, एवढंच करू. तर म्हणतात, "परिषदेआधी काहीही पुन्हा तपासायचं नाही." बोलताना कपाळावरचा घाम ते माझ्याच रिपोर्टच्या कागदाने पुसत होते.

तुम्हाला काही नाही, वन्सं. मी येते, तुमच्यासमोर बसून सांगते. फक्त तारीख रद्द करा.

शास्त्रीण

२८ नोव्हेंबर

शास्त्रीणबाई,

येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर हे काय बोलतील याचा नेम नाही, आणि मला मध्ये पडायची ताकद नाही.

तुझ्या पत्राच्या आधी तुझ्या साहेबांचा ह्यांना फोन आला होता. गोड आवाजात. "आमच्या बाईंच्या मनावर परिणाम झालाय. आपल्याच हाताने नणंदेचा आजार सापडला, तो त्यांना सहन होत नाहीये. त्या काही लिहितील, मनावर घेऊ नका." म्हणजे तू काय लिहिणार हे त्याला आधीच ठाऊक! घरात आता तुझं नाव काढायची सोय नाही. मुलगा म्हणतो, "मामी आधी म्हणाली कॅन्सर आहे, आता म्हणते नाही. पोटात टाइमबॉम्ब घेऊन बसायचं का?" सून म्हणते, काढून टाकलं की सुटलो. सुटलो! जसं काही उंदीर शिरलाय घरात.

मी भांडले असते गं सगळ्यांशी. भांडायला मला आवडतं. पण एक झालंय, ते तुलाच सांगते. तू म्हणालीस "गाठ स्वतःच्या पद्धतीने कातरते", ते माझ्या डोक्यातून जात नाही. आंघोळ करताना मी खाली बघत नाही. जेवताना वाटतं, हा घास माझ्या पोटात जातोय की तिच्या? डावीकडे, कमरेच्या जरा आत, दुखतं. आधी दुखत नव्हतं, शप्पथ. आता दुखतं. माझ्या स्वतःच्या अंगाची मला घाण वाटायला लागली आहे, आणि या अंगाने मी एक मूल जन्माला घातलंय, दोन म्हाताऱ्या माणसांची शेवटपर्यंत सेवा केली आहे, कधी कुणाला कंटाळले नाही.

तुझ्या दोन पत्रांपैकी एक चूक आहे. पहिल्यात तू म्हणालीस यंत्र भीडभाड ठेवत नाही. दुसऱ्यात म्हणतेस यंत्राला शिळं-ताजं कळतं, बाकी काही नाही. दोन्ही तूच लिहिलीस, दोन्ही तेवढ्याच खात्रीने. मी कुठलं धरू?

मला असं काहीतरी सांग की जे माझ्या डोक्यात शिरेल. चिंध्या नकोत.

वन्सं

३ डिसेंबर

ती. वन्सं,

डोक्यात शिरेल असं सांगते. साहेबांना अंडाशयाचा कॅन्सर झालाय.

हसू नका, किंवा हसा. परवा ज्यांच्या पैशावर आमची प्रयोगशाळा चालते, ते लोक बघायला आले होते. साहेब रंगात आले. म्हणाले, माझंच रक्त तपासून दाखवतो, निरोगी माणसाचं कसं दिसतं ते कळेल. सगळ्यांसमोर बाही वर केली. मी रक्त काढलं. मी विचारलं, "साहेब, ही नळी कशी ठेवू? पेशंटच्या नळ्या ठेवतो तशी ठेवू ना? म्हणजे तुलना सारखी होईल." ऐट अशी की म्हणाले, "अर्थात!" मग मी ती नळी पेशंटच्या ट्रेमध्ये ठेवली. पाहुणे जेवले, साहेब जेवले, कारभार पाहून झाला, फोटो झाले. ट्रे दाराशी होता तसा होता. मग नळी यंत्रात घातली. पडद्यावर लाल अक्षरं: अंडाशयाचा कॅन्सर, खुणा ठळक.

एका पाहुण्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, वन्सं. त्याला चिंध्या कळतात. साहेबांना अंडाशयंच नाहीत, मग त्यांत कॅन्सर कुठून येणार? आणि त्यांच्या रक्तात ज्या खुणा सापडल्या, त्याच तुमच्या रक्तात सापडल्या होत्या. त्याच, अगदी वजनासकट.

आणि साहेबांनी काय केलं, माहीत आहे? हसले. म्हणाले, "नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. आमच्या बाई हल्ली जरा तणावात आहेत." पाहुण्यांनीही सुस्कारा सोडला, त्यांनाही तेच ऐकायचं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडावर सुटल्याची कळा. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि त्यांच्यात मीही उभी होते, हातात ट्रे घेऊन, पांढरा कोट घालून. अदलाबदल झाली नाही. मी त्या नळीवरची नजर हलवली नव्हती.

मी रजा टाकून सर्जनकडे जाऊन आले. त्यांच्यापुढे माझ्या नळ्यांचे आणि साहेबांच्या नळीचे असे दोन्ही निकाल ठेवले. त्यांनी बराच वेळ वाचलं. म्हणाले, "हे खरं असेल तर ऑपरेशनची गरज नाही. मी बाईंना तसं सांगेन, पण ठरवायचं त्यांनी." निदान एवढं तरी कबूल केलं. ते तुम्हाला विचारतील, वन्सं, तेव्हा नाही म्हणा. एक शब्द. नाही.

तुमच्या डाव्या बाजूला काही नाही. दुखणं मी घातलंय तिथे, पत्रातून. ते माझं आहे, तुमचं नाही. मला परत द्या.

तुमची शास्त्रीण

४ जानेवारी

चि. शास्त्रीणबाई,

आशीर्वाद.

मधल्या काळात तू पुष्कळ पत्रं लिहिलीस असं मुलगा म्हणाला. त्याने ती दवाखान्यात दिली नाहीत, मला त्रास नको म्हणून. काल सगळी एकदम दिली, न उघडलेली. ती मी वाचणार नाही. त्यात काय असेल ते मला कळतंय.

तीन डिसेंबरचं पत्र मात्र मला वेळेवर मिळालं. टपालाला दोष देऊ नकोस, मुलालाही नको. ते मी स्वतः दारात घेतलं, स्वतः वाचलं, आणि साहेबांच्या अंडाशयांपाशी इतकी हसले की हे धावत आले. त्यांनाही वाचून दाखवलं. तेही हसले. पोरं हसली. सून म्हणाली, "आई, म्हणजे तुम्हाला काही नाहीच्चे!" आणि कपाटातून माझा कप काढून सगळ्यांच्या कपांत ठेवला. कित्येक दिवसांनी घरात बरं वाटलं. मला पटलं होतं. तुझा शब्द न् शब्द पटला होता.

जेवायला बसले आणि पहिला घास तोंडात घेतला. डावीकडे दुखलं.

सर्जननी मला विचारलं बरं का, तू म्हणालीस तसं. अगदी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आता तुमच्या भावजयीचं हे असं म्हणणं आहे आणि ते मला बरोबर वाटतंय. गरज नाही. काय करू?" मी म्हटलं, "काढा." त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "काही नाही हे मला माहीत आहे. तरी काढा. मला माझ्या अंगात राहवत नाही." त्यावर त्यांनी काय करावं? मान डोलावली आणि लिहून घेतलं. भिंतीवर ऑपरेशनांची यादी लावलेली होती, त्यात माझी जागा होतीच, ती मोकळी ठेवावी लागली नाही. मला सांगतेस नाही म्हण. नाही म्हणायला स्वतःवर माया लागते गं. ती तुझ्या साहेबांच्या बोटाने, ह्यांच्या गळक्या नाकाने, सुनेच्या त्या कपाने, आणि तुझ्या चिंध्यांनी, थोडी थोडी करून काढून घेतली होती. तुम्ही सगळ्यांनी.

रिपोर्ट आला. दोन्ही अंडाशयं स्वच्छ. निरोगी. डॉक्टरांनी शब्द वापरला "उत्तम". माझं उत्तम तेवढं कापून बादलीत टाकलं. कुठल्या बादलीत, मी विचारलं. नर्स म्हणाली, "आजी, असं काय विचारता!" का नाही विचारायचं? माझं होतं.

आता गंमत ऐक. तुझ्या साहेबांनी फुलं पाठवली. सोबत छापील चिठ्ठी: "रोग सुरू होण्याच्याही आधी पकडला. अभिनंदन!" काहीच निघालं नाही, म्हणजे त्यांचा विजय! आणि निघालं असतं तरी त्यांचाच. त्यांच्या परिषदेच्या चोपड्यात माझा फोटो छापलाय, पोटावर हात ठेवलेला. मी फुलं कचऱ्यात टाकली आणि त्यांना लिहिलं: "माझी काढून झाली. आपल्या अंडाशयांचं ऑपरेशन कधी? कळवा, बिस्किटं घेऊन भेटायला येते." आणि त्या परिषदवाल्यांनाही वेगळं लिहिलंय, माझा रिपोर्ट जोडून. फोटोतली बाई मी आहे, मला कधीही कॅन्सर नव्हता, आणि माझ्या भावजयीने हे वेळेवर सांगितलं होतं. खाली ठसठशीत सही केली आहे. तू आता नोकरी सोडायचं म्हणत असशील. सोडू नकोस. त्यांना लाज वाटत नाही, आणि तू गेलीस तर त्या ट्रेकडे बघणारं कुणी उरणार नाही. माझ्यासारखी आणखी कोण सुदैवी निघतेय ते बघत राहा.

तू माझ्या लेकीच्या जागी आहेस, म्हणून खोटं सांगत नाही. तुला मी माफ केलेलं नाही. करीन बहुतेक, पण अजून नाही. भेटायला ये. मी चहा करीन, तुझ्याशी भांडीन, आपण जेवू.

टाके निघाले, जखम भरली. सर्जन म्हणतात, आता तिथे काहीच नाही. नाहीच आहे, मला माहीत आहे. सकाळी उठले की हात आपोआप डावीकडे जातो, आणि दुखतं तिथेच.

तुझी वन्सं